सुईवरचं नाणं

मंगळवार, मगरिबच्या नमाजनंतर

आज पुन्हा तेच. अम्मीच्या लाडक्या रेकॉर्डवर सुई नेहमीच्या जागी उडाली आणि गाण्यातली एक ओळ गेली. उन्हाने रेकॉर्ड तिथे जरा फुगली आहे. अब्बांनी कुवेतहून प्लेअर आणला तेव्हापासून त्यांचा उपाय एकच, सुईच्या वर चिकटवलेलं नाणं. त्याला तोल म्हणून, सुई ज्या दांड्याला आहे त्याच्या मागचं वजन पार टोकाला सरकवलेलं. आजही म्हणाले, "नाण्याला हात लावू नको. भार असला की सुई बसते."

बसते कुठे? सकाळी जेटीवर पाहिलं ना. काठीला दोन्हीकडे पाण्याचे कॅन अडकवलेला खलाशी वळायच्या आधी कॅन खांद्याजवळ ओढून घेत होता. भार तेवढाच, पण वळणं सोपं. आमचा दांडा दोन्ही टोकांना जड. फुगवट्यावर एकदा उसळला की लवकर खाली येतच नाही.

मी नाणं काढलंच. मागच्या वजनाला मासे धरायच्या जाळ्याचं शिसं चिकटवून ते दांडा जिथे फिरतो तिथपर्यंत पुढे आणलं. सुईचा दाब पूर्वीइतकाच ठेवला. अब्बा तोंड फिरवून बसलेले.

सुई फुगवट्यावरून सरळ गेली. ती ओळ मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. आम्ही भावंडं गाणं उडीसकटच शिकलेलो. आत भाकरी थापताना अम्मी मात्र ती ओळ सोबत गायली, एक शब्द न चुकता.

अब्बा म्हणाले, "नाणं दे इकडे."

दिलं नाही. खिशात आहे, तिथेच राहील.