सिस्टर ओडेलियांच्या निवृत्तीचा ठराव

डेट्रॉइट, सोमवार

आदरणीय सिस्टर ओडेलिया,

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही याची मी काळजी घेईन, कारण चर्चच्या कॉयरमधून, म्हणजे गायकवृंदातून, तुम्हाला निवृत्त करण्याचा ठराव मीच लिहिला होता. कारणं भक्कम होती. वय शहात्तर, जीभ तिखट, आणि शाळेचं प्रगतिपुस्तक पाहिल्याशिवाय तुम्ही पोरांना तोंड उघडू देत नाही.

काल तुम्ही माझ्या जेनेलला एकटीने गायला उभं केलंत. बाप गेल्यापासून दीड वर्ष जिचं 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर भागतंय, त्या पोरीला! पहिल्याच ओळीला ती अडखळून थांबली. मी मनात म्हटलं, झाली शोभा. तुम्ही मात्र नुसतं बोट गोल फिरवलंत आणि मागचा सगळा कॉयर तीच ओळ पुन्हा गाऊ लागला. पाचदा, सातदा, नऊदा. बाकांवरून हाका आल्या, "सावकाश गं बाळा, आम्हाला कुठं जायचंय!"

"मला जायचंय," चर्चचा कारभार पाहणारे डीकन ब्रूस्टर पुटपुटले, "घरी कोंबडी थंड होतेय."

तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. दहाव्या फेरीला जेनेल गायली.

आज मी ठराव मागे घेतला. ब्रूस्टरांनी कारण विचारलं, मी त्यांच्या कोंबडीची चौकशी केली. काल परतताना जेनेल गाडीत अखंड बोलत होती. मी किती वाईट गाडी चालवते, एवढाच विषय. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी गेले.

तुमची ऋणी आणि तितकीच भित्री,
व्हर्लीन हॉज