राणीछाप रुपयावरचा काळा पट्टा

आई, काल तुझा तो राणीछाप रुपया मी इतवारी बाजारातल्या एका म्हाताऱ्या सराफाकडे नेला. विकायला नाही. राणीच्या चेहऱ्यावरून आडवा गेलेला काळा पट्टा कशाने पडला, एवढंच विचारायला. त्याने डोळ्याला भिंग लावलं. पन्नाशीची बाई मी, पण त्या काउंटरसमोर तेरा वर्षांची होऊन उभी होते.

त्या वर्षी दिवाळी दोन दिवसांवर आलेली. तू पूजेचा डबा उघडतेस, रुपयाच्या पुरचुंडीवरचं रबर काढून सवयीने मनगटात घालतेस, पातळ लाल फडकं सोडतेस आणि थांबतेस. मी स्वयंपाकघराबाहेर वेगळ्या चटईवर बसलेली, पाळीचा दुसरा दिवस. "शिवली होती काय वं तू? खरं सांग मले." मी नाही म्हणाले. तू राखेने घासलंस, लिंबू लावलंस. पट्टा जाईना, आणि घासताना तू सारखी माझ्याकडे बघत होतीस. पुढच्या चैत्रात बाबा गेले. तू तोंडाने काही बोलली नाहीस, हे खरं. पण त्यानंतर एकाही लक्ष्मीपूजनाला मला त्या रुपयावर हळदकुंकू वाहू दिलं नाहीस. बाबा माझ्यामुळे गेले, हे मनात धरूनच मी पुढे लग्न केलं, संसार केला.

परवा माझी लेक तोच डबा काढायला निघाली. तिची पाळी चालू होती. "थांब, शिवू नको," मी बोलून गेले. ती म्हणाली, "काहून? शिवल्यानं काय होते?"  तेच विचारायला काल सकाळी रुपया पर्समध्ये टाकून निघाले.

"याले रबर लावून ठेवलं होतं काय कोणी?" सराफाने विचारलं. "रबरात गंधक असते, ताई. वर्षभर आवळून ठेवलं तर फडक्यातूनही चांदीले खाते."

"आणि कोणी शिवल्यानं?"

"बोटाचा डाग पडन. असा सरळ पट्टा नाही पडत जी."

घरी येईपर्यंत मला तुझा राग येत राहिला. मिठाईच्या पुड्याचं, भाजीच्या जुडीचं, एकही रबर तू टाकत नसायचीस. नळाच्या तोटीवर ढीग असायचा. पुरचुंडीचा दोरा तुटला असेल, तूच ते लावलं असशील, रुपया जपायलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, आई. भांडायला आता तू नाहीस, याचाच जास्त राग येतो. तो पट्टा अपशकुन वाटून तूही बाबांसाठी माझ्याएवढीच घाबरली असशील, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

संध्याकाळी लेकीला म्हटलं, "ये वं, तूच पूस." तिने रुपया तळहातावर घेतला. मी तरीही तिच्या बोटांकडे बघत होते.

हे पत्र घडी करून डब्याच्या तळाशी ठेवते. एक सांगायचं राहिलं. तू विचारलंस तेव्हा मी अर्धं खोटं बोलले होते. डबा मी उघडला होता. रुपयाला शिवले नव्हते, आई. त्यातल्या नैवेद्याच्या खडीसाखरेचा एक खडा घेतला होता.