बेलिफाबरोबर एक महिना

बाबा, आज दुपारी अभ्यासक्रम समितीची शेवटची बैठक झाली. बेसा भागातल्या या फ्लॅटवर परत आले तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. हे घर तुम्ही पाहिलं नाही; तुम्ही गेल्यावर घेतलं. मी अजून लॉ कॉलेजात दिवाणी कायदा शिकवते, आणि खरं सांगायचं तर शिकवून शिकवून थकले आहे.

सक्करदरा वस्तीतला तो दिवस आठवतो. माझ्या लॉच्या पहिल्या वर्षाची सुट्टी. तुम्ही कोर्टाचे बेलिफ, समन्स घेऊन दारोदार फिरायचात; त्या दिवशी हौसेनं मीही माझी सायकल तुमच्या मागे काढली होती. एक म्हातारी दार धरून उभी आहे. घराच्या जागेवरून तिच्या दिरानं दावा टाकलाय. "भाऊ, मी घरी नव्हती असं लिहून टाका ना," ती म्हणते. तुम्ही तिच्या ओट्यावर बसता, चष्मा पुसता आणि अख्खा कागद तिला वाचून दाखवता. "मावशी, भिऊ नका. पण या तारखेले गेल्या नाही, तर तुमचं न ऐकताच निकाल होईन." तारीख तिच्याकडून दोनदा म्हणवून घेता. ऊन मी मी म्हणत होतं. परतताना मी वैतागून म्हणाले, कागद दिला की संपलं, परीक्षेतसुद्धा समन्सला पाचच मार्क असतात. तुम्ही सायकल थांबवली. "काहून वं, तुले वकील व्हायचं आहे का पोस्टमन? त्या बाईची केस आत्ता तिच्या ओट्यावर सुरू झाली."

यंदा कॉलेजच्या मोफत कायदा मदत केंद्रात एक बाई आली. भाड्याची खोली रिकामी करा, असा तिच्याविरुद्ध एकतर्फी निकाल झाला होता. 'समन्स घेण्यास नकार दिला' अशी नोंद. ती म्हणत राहिली, "मॅडम, मले कोणी सांगितलंच नाही. कागद आला होता, मले वाटलं मीटरवाल्याचा असन, मी म्हटलं नको." माझ्या हुशार पोरांनी धडाधड कलमं सांगितली, तिला बसायला खुर्ची मात्र कुणी दिली नाही. निकाल रद्द व्हावा म्हणून आम्ही अर्ज केला. चार तारखा पडल्या. कधी समोरचे वकील नाहीत, कधी न्यायाधीश रजेवर. पाचवीच्या आधीच ती खोली सोडून बहिणीकडे निघून गेली. "आता नाही होत, मॅडम," एवढंच म्हणाली. मी तिला थांब म्हणाले नाही. कशाच्या जोरावर म्हणणार होते?

म्हणून समितीत मी सुचवलं, प्रत्येक विद्यार्थ्यानं एक महिना बेलिफाबरोबर फिरावं. सगळे हसले. एक सदस्य म्हणाले, "आता समन्स मोबाइलवर जाऊन राहिले, मॅडम. हे कुठून काढलं तुम्ही?" उत्तर ओठांवर आलं होतं. पण मी म्हणाले, "परदेशातल्या एका विद्यापीठात असं करतात." हसणं थांबलं. कोणतं विद्यापीठ, हेही कुणी विचारलं नाही. सूचना एकमतानं मंजूर झाली.

अभ्यासक्रमाच्या मसुद्याच्या पाठकोऱ्या पानांवर हे लिहितेय. उद्या ती रद्दीत जातील. खरं बोलले असते तर सूचना बारगळली असती, अशी मी दुपारपासून स्वतःची समजूत घालतेय. पण तसं नाही, बाबा. त्या टेबलावर तुमचं काम सांगायची मला लाज वाटली.