दार लावायचा दिवस

आई, तुला एक विचारायचं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते डोक्यातून जात नाही. परवा आपला दारफळणीचा सण झाला. उपास, पांढरे कपडे, प्रार्थना आणि दिवसभर लावलेलं दार. बीडमध्ये आता आपल्या ज्यू लोकांतली मी एकटीच. बाकीचे मुंबईला, नाहीतर इस्रायलला. तरी मी फ्लॅटचं दार लावलं, फोन बंद केला आणि तुझाच विचार करत बसले.

बस आगारामागची आपली गल्ली मला अजून दिसते. बाबांना आगारात मेकॅनिकची नोकरी लागली म्हणून आपण अलिबागकडून तिथं आलो, आणि बघतो तर गल्लीत मूळचं कुणीच नाही. दगड फोडणारे तेलंगी, फरसाणवाले मारवाडी आणि शेजारच्या खोलीत पाटोद्याकडची काकू, जी दर हंगामाला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. आपल्या रीतीनं बकरा कापणारं तिथं कुणी नव्हतं, म्हणून आपण मटण खात नव्हतो; गल्लीनं आपल्याला माळकरी ठरवून टाकलं. काकूला मात्र ते पटेना. ती उंबऱ्यावर बसून तुला खोदून खोदून विचारायची. "वैनी, तुमचा देव कोन्ता म्हनायचा?" तू म्हणालीस, "देव एकच. पण त्याचा फोटो नसतो." काकू म्हणाली, "फोटो न्हाई तर वळखता कसं वो?" तू इतकी हसलीस की पदर तोंडाला लावावा लागला. उत्तर काय दिलंस ते मला आठवत नाही. दिलं होतंस का काही?

पहिल्या वर्षी आपण दार लावलं तेव्हा घरात कुणी गेलं की काय म्हणून ती घाबरली. "आवं, कावून दार लावलंय? भाकर ठिवलीय बगा," असं ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शिळ्या सणाला, तू पुऱ्या घेऊन तिच्याकडे गेलीस आणि सगळं समजावलंस. पुढच्या वर्षीपासून ती आपल्या दाराशी तूर निवडत बसायची आणि येणाऱ्याला परस्पर पिटाळायची, "आज न्हाई, त्यांचा दिस हाय."

मग तिची मुलगी. माझ्याच वर्गात होती, पण हंगामात निम्मी शाळा बुडायची. काकू एकदा तुला म्हणाली, "यंदा पोरीला फडावर न्यायची न्हाई. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या वैनी." तू क्षणभरही थांबली नाहीस. "राहू दे की, दोघी एका अंथरुणात झोपतील." ती राहायला यायच्या आधीच तू एकाच कापडातून दोन फ्रॉक शिवलेस. तिच्या केसांना तेल लावता लावता मला म्हणालीस, "अक्षर बघ हिचं, नाहीतर तुझं!" मला तिचा राग आला होता. तिचा की तुझा, हे आज नीट सांगता येत नाही.

मुकादमाचा ट्रक त्या वर्षी चार दिवस आधी आला, नेमका आपल्या सणाच्या दुपारी. बाबा पुढच्या खोलीत पुस्तक उघडून पुटपुटतायत, तू भिंतीला टेकून ग्लानीत आहेस. मी लहान म्हणून माझा उपास दुपारपर्यंतच, त्यामुळे मी स्वयंपाकघरात आदल्या दिवशीची पोळी खातेय. मागच्या दारावर बोटांचा आवाज येतो. मोठ्यानं हाक मारायची नाही हे काकूला ठाऊक आहे. "वैनी, टरक आलाय. पोरीला घिता का?" जरा वेळानं पुन्हा तेच, आणखी हळू. मग मुलीचा आवाज, "चल माय, त्यांचा दिस हाय." मी पोळी तशीच तोंडात धरून उभी आहे.

दुसऱ्या दिवशी तू पुऱ्यांचं ताट घेऊन गेलीस आणि कुलूप बघून परत आलीस. "निदान हाक तरी मारायची," म्हणालीस. संध्याकाळी बाबांना सांगत होतीस, "आपल्याकडे मुलगी ठेवायला तिचं मन झालं नसेल. कितीही केलं तरी आपण वेगळे." हंगाम संपला तरी ती माणसं गल्लीत परतली नाहीत. तू मात्र ते वाक्य शेवटच्या आजारातही बोललीस, आणि तेव्हाही मी गप्प बसले. तो दुसरा फ्रॉक तू मोलकरणीच्या नातीला दिलास.

मला विचारायचं होतं ते हेच, की मी उठवलं असतं तर तू काय केलं असतंस? नेम पाळला असतास, की दार उघडलं असतंस? सण पाळायचा म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं लिहिते. तू दार उघडशील याची मला खात्री होती, आई. म्हणूनच मी तुला उठवलं नाही.