परीचं उरलेलं औषध

मंगळवार, संध्याकाळ. मेहरूण.

कशाला गेलो ती बाटली घेऊन? शेजारच्या स्वातीच्या भाच्याला ताप आहे, कान दुखतोय, एवढं कळलं आणि फ्रिजमधली परीची, माझ्या पुतणीची, अँटिबायोटिकची अर्धी बाटली उचलून थेट तिच्या दारात. वाटलं, खूश होईल.

"हे कधी कालवलेलं?" स्वातीनं विचारलं.

"दिवाळीत. परीला बरं वाटलं, म्हणून उरलं."

"पाणी घातल्यावर जेमतेम आठवडा टिकतं हे. आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याला द्यायला प्रसाद आहे का? आधी डॉक्टर कान बघतील."

वजन, डोस, अर्धवट सोडलेला कोर्स, सगळंच तिनं समजावलं. बरोबरच होतं. पण तिची बहीण हसली आणि माझं डोकं फिरलं. "तुम्हीच शिकलेले, आम्ही अडाणी!" एवढ्यानं ओरडलो की पोरानं दुखऱ्या कानावर हात दाबला आणि रडायला लागलं. तो कानावरचा हात डोळ्यांसमोरून जातच नाही. आजारी पोराशेजारी उभं राहून ओरडतं का कुणी?

घरी येऊन बाटली कचऱ्यात टाकली. वहिनी धुळ्याकडची, लगेच अंगावर आली, पुढच्या तापाला कामी आली असती म्हणे. मग तिला सगळं सांगितलं. जुनं चालत नाही, डोस मुलाच्या वजनावर ठरतो, परीचंही मध्येच थांबवायला नको होतं.

वहिनी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "इतली अक्कल शे ना तुले, मंग कॉलेज कशाले सोडं?"

ही अक्कल स्वातीची. आणि तिच्यासमोर माझ्या तोंडून एक 'बरं' निघालं नाही.