न उघडणारी काच

मंगळवार, दिवेलागणीनंतर

छान आहे ना बाई, काहून छान नसंल? घरी आल्यावर माझ्या सुनेला, माधुरीला, हेच सांगितलं. नवा दवाखाना पांढरा, चौकोनी, आगपेटीसारखा. जिन्याऐवजी नुसता उतार. "यावरून तर आमच्या गावची म्हैसही चढंल," मी म्हटलं, तर नर्स दीदी हसली. भिंतभर काच आहे, पण ती उघडत नाही. धूळ येऊ नये म्हणून, म्हणे. मी ढकलूनही पाहिली.

जुन्या दवाखान्याला व्हरांडा होता. हे आजारी होते तेव्हा आत थांबू देत नव्हते, तर मी व्हरांड्यात सिगडी मांडून बसली होती. खिडकीच्या गजांतून पेज पाजली. शेवटी ह्यांचा हातही तिथूनच धरला. इथं व्हरांडाच नाही. नातलग खाली बाकांवर बसतात. आणि त्या काचेतून हात कसा धरायचा?

माधुरीनं विचारलं, "आई, तुमची मैत्रीण कशी आहे?"

"मजेत आहे, इतक्यात नाही मरत," मी म्हटलं.

मैत्रीण कोणी नाही. गाठ माझ्या पोटात आहे, सोमवारी भरती व्हायचं आहे, आणि मी आज माझीच खाट पाहून आली.