सीटमागचा नकाशा व इतर मिळकत

नमो बुद्धाय.

मी, चंपतराव सुखदेव गजभिये, वय ६४ वर्षे, धंदा पूर्वी ट्रक ड्रायव्हर, आता घरी बसवलेला, राहणार डिगडोह, हिंगणा रोड, नागपूर, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आज कोणता वार म्हणून विचारलं. मी वार सांगितला आणि वरून नागपूर ते आलापल्ली वाटेतली सगळी गावं ओळीनं म्हणून दाखवली. त्यांनी हात जोडले आणि शिक्का मारला.

लिहून घेणाऱ्या वकील अरुंधती देशकर, ऑफिस सदर, नागपूर. बाई भल्या आहेत, पण मी 'मले' म्हटलं की त्या 'मला' लिहितात आणि मी शिवी दिली की पेन खाली ठेवतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, मॅडम, माझी मिळकत थोडी आणि राग जास्त. दोन्हीची वाटणी एकाच कागदावर होऊ द्या.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझा मुलगा धम्मानंद याने माझ्या मागे कुठला कागद काढून दाखवला, तर तो नीट तपासून घ्यावा. त्याच्या सहीचा मला अनुभव आहे. तो कलम ५ मध्ये येईल.

कलम २. डिगडोह येथील माझे राहते घर, दोन खोल्या, वर स्लॅब, मागे बोअरवेल, हे माझ्या कमाईचे आहे. अडतीस वर्षं गाडी चालवून बांधलं आहे. माझ्या पश्चात पत्नी तुळसाबाई हिने हयातीपर्यंत त्यात राहावे, कोणी तिला उठवू नये. तिच्या पश्चात अर्धा हिस्सा मुलगी नंदिनी हिचा. उरलेला अर्धा धम्मानंदचा, पण अटीवर. अट कलम ५ मध्येच आहे. बँकेतली ठेव तुळसाबाईची. तिच्यात कोणी नाक खुपसू नये.

कलम ३. माझी अवजारे, म्हणजे जॅक, चाक खोलायची टॉमी, पान्यांचा संच आणि मोठी ताडपत्री, हे सर्व आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्या बळीरामला द्यावे. ताडपत्रीला दोन ठिगळं आहेत, पण पाणी थेंबभर आत येत नाही. बळीरामनं ती लग्नाच्या मांडवाला भाड्यानं देऊ नये, एवढंच.

कलम ४. माझा मोबाईल कोणालाच देऊ नये.

मॅडम म्हणाल्या, एवढं लिहून चालणार नाही, कारण द्या. मग घ्या कारण. त्या मोबाईलमध्ये एक बाई बसलेली आहे. ती आम्हा ड्रायव्हरांना डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगते. ही बाई जन्मात कधी नागभीडला गेलेली नाही. तिला दहाचाकी आणि स्कूटीमधला फरक कळत नाही. मागे बारा टन लोखंड आहे की पोळीचा डबा, तिला सारखंच. रेल्वेच्या पुलाखाली उंची किती फूट, विचारा. तोंड शिवलेलं. एकदा तिनं मला भंडाऱ्याकडच्या एका गावात हनुमानाच्या पारापर्यंत नेलं आणि म्हणाली, सरळ जा. सरळ पार होता! गाव गोळा झालं. मी दीड तास गाडी रिव्हर्स काढत होतो आणि म्हातारे मला विचारत होते, काहून गा, डोळे नाही का तुले?

मोबाईल निव्वळ वाईट, असं मी म्हणत नाही. मी काही अडाणी नाही. रायपूर रोडला जाम लागला तर तो बरोबर सांगतो, कागदाच्या नकाशाला ते काय डोंबल कळणार? पण नकाशा चुकला तर माणूस थांबून विचारतो. मोबाईल चुकला तर माणूस मोबाईललाच विचारतो. आणि ऑफिसातला साहेब तर विचारतही नाही, नुसता मेमो काढतो.

कलम ५. धम्मानंद, वय ३६, राहणार मनीषनगर, फ्लॅटमध्ये. मी जिथे गाडी चालवायचो त्याच ट्रान्सपोर्ट कंपनीत कंट्रोल रूमचा साहेब. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, तिची तेवढी लायकी नाही. याला मी शिकवला, कॉम्प्युटरचा कोर्स लावून दिला. एसीमध्ये बसून हा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर गाड्या पाहतो. आमची गाडी म्हणजे एक ठिपका. ठिपका निळ्या रेषेवरून चालला तर ड्रायव्हर चांगला. रेषा सोडली की ठिपका लाल होतो.

१२ जुलै २०२२ रोजी मी हिंगण्याहून विजेच्या टॉवरचे अँगल घेऊन गडचिरोलीकडे निघालो होतो. तीन दिवसांची पावसाची झड लागलेली. नागभीडच्या पुढे मोबाईलवाली म्हणाली, डावीकडे वळा, एकोणीस किलोमीटर वाचतील. त्या रस्त्यावर पांढरझरी नाल्याचा रपटा आहे. रपटा म्हणजे पूल नव्हे, नाल्याच्या अंगावर टाकलेला सिमेंटचा रस्ता. पाणी आलं की तो दिसेनासा होतो आणि कडेला कठडा नाही. मी वळलो नाही. लांबच्या रस्त्यानं गेलो. कंट्रोल रूममधून फोन आला.

"बाबा, लाइन काहून सोडली? स्क्रीनवर गाडी लाल दाखवून राहिली."

"लाल दाखवू दे. नाला काय दाखवून राहिला, ते येऊन पाहा."

"सिस्टममध्ये रस्ता चालू आहे, बाबा."

"तुह्या सिस्टमले पोहता येते का बे?"

माल तीन तास उशिरा, पण कोरडा पोचला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात मला कागद दिला. विनापरवानगी मार्ग सोडल्याबद्दल गाडीवरून कमी. खाली सही डी. सी. गजभिये. बापाचं नाव त्यानं एका अक्षरात गुंडाळलं आणि त्याच बापाला घरी पाठवलं! मी चाव्या टेबलावर आपटल्या आणि निघालो. तेव्हापासून तीन वर्षं आमचं बोलणं बंद आहे.

पण माझा खरा राग मेमोचा नाही. १५ जुलैला तीच गाडी, तसाच माल, तोच रस्ता विश्वनाथ नेवारेला दिला. विश्वनाथ माझा जोडीदार, नऊ वर्षं आम्ही एका केबिनमध्ये काढली. त्यानं रपट्यावर पाणी पाहिलं आणि कंट्रोल रूमला फोन केला. धम्मानंद त्याला म्हणाला, "काका, लाइन सोडू नका, बाबांचं काय झालं ते पाहिलं ना?" हे मला कंट्रोल रूममधल्याच एका पोरीनं सांगितलं. विश्वनाथनं गाडी पाण्यात घातली. गाडी दुसऱ्या दिवशी सापडली, तो तिसऱ्या दिवशी.

कंपनीनं अहवालात लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा. लोकांनी त्यावर आपलं लावलं, पिऊन असेल. विश्वनाथ! जो सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हता! त्याची बायको भावनावहिनी नागपूरजवळ वाडीला राहते, लोकांचे ब्लाऊज शिवते आणि आपला नवरा दारूच्या पायी गेला असं समजून दिवस काढते.

अट अशी. धम्मानंदने भावनाबाई विश्वनाथ नेवारे यांच्या घरी जाऊन, स्वतःच्या तोंडाने, आपण विश्वनाथला फोनवर काय सांगितलं ते सांगावे आणि तसे सहीनिशी लिहून द्यावे. तोपर्यंत घराच्या विटेलाही त्याने हात लावू नये. न केल्यास त्याचा हिस्सा नंदिनीला जावा.

कलम ६. माझे अंत्यसंस्कार अंबाझरी घाटावर बौद्ध पद्धतीने करावेत. भाषणे नकोत. शववाहिनीच्या ड्रायव्हरला मोबाईल पाहू देऊ नये. डिगडोहपासून घाट माहीत नसेल तर त्यानं गाडी थांबवून विचारावं, विचारण्यात कमीपणा नाही. माझं लोकेशन कोणी कोणाला पाठवू नये. ज्याला यायचं तो येईल.

कलम ७. माझा नकाशा. याबद्दल मी पहिल्या बैठकीत मॅडमना एक ओळ सांगितली होती, नकाशा नंदिनीला द्यावा. दुसऱ्या बैठकीत ती ओळ मी काढायला लावली. खरं ते आता सांगतो.

हा विदर्भाच्या रस्त्यांचा मोठा कागदी नकाशा आहे, मागून मांजरपाट कापड लावलेला. त्यावर पाच ड्रायव्हरांचं अक्षर आहे. रपटा असेल तिथे लाल खूण, बुटका पूल असेल तिथे फूट आणि इंच, कुठल्या गावात तारा लोंबतात, कुठल्या पानठेल्यावर विचारलं तर खरं सांगतात, सगळं त्यावर आहे. पांढरझरीपाशी माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं लिहिलं आहे, 'झड लागली तर इकडे येऊच नका, ट्रॅक्टर गेला, १९९४'. आमच्यात कायदा होता. नकाशा ड्रायव्हरचा नसतो, गाडीचा असतो. ड्रायव्हर बदलला तरी नकाशा सीटमागच्या खणातच राहायचा. मलाही तो तिथेच सापडला होता.

१३ जुलैला मला गाडीवरून कमी केलं, तेव्हा मी रागानं तो खणातून काढला आणि पिशवीत घालून घरी आणला. म्हटलं, घ्या आता तुमची बाई आणि तुमची रेषा, पाहू कशी गाडी चालवता! मी धडा कंपनीला शिकवत होतो. पण कंपनी काही गाडीत बसत नाही.

आणखी एक. हे मी तुळसाबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं. १५ तारखेला विश्वनाथनं कंट्रोल रूमच्या आधी मला फोन केला होता. मी दुपारचं जेवत होतो.

"भाऊ, सीटमागं नकाशा नाही गा. रपट्यावर पाणी दिसून राहिलं. पाण्यातून जाऊ का मागं फिरू?"

एका शब्दाचं काम होतं. फिर. मी काय म्हणालो?

"मी मेमोवाला माणूस आहो बाबा. मले काहून विचारतं? ऑफिसले विचार."

आणि फोन ठेवून भातावर वरण घेतलं. त्यानं ऑफिसला विचारलं. पुढचं कलम ५ मध्ये लिहिलेलंच आहे.

तीन वर्षं मी चौकात, ठेल्यावर, नंदिनीच्या सासरी, जो भेटेल त्याला पोराच्या नावानं बोंबलत आलो. पोराचा गुन्हा खरा आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण माझ्या तोंडून तो गुन्हा ऐकताना कोणी मला विचारलं नाही की चंपतराव, नकाशा कुठे होता? तो माझ्या कपाटात होता, धुतलेल्या चादरीखाली.

हा नकाशा कोणत्याही चालू ट्रकच्या सीटमागे ठेवावा. कोणाच्या, ते बळीराम ठरवेल.

कलम ८. हे कलम तिसऱ्या बैठकीत वाढवले आहे.

कलम ७ मी घरी मॅडमना सांगत होतो तेव्हा तुळसाबाई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. सगळं ऐकलं. चहा थंड झाला. मग म्हणाली, "वा! हे कागद तुम्ही मेल्यावर उघडतीन. तुम्ही तर मरून सुटसान. तोपर्यंत भावनानं काय समजून जगायचं?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, मृत्युपत्राची अट मृत्यूनंतरच लागू होते, कायदा असाच आहे. मी म्हटलं, मग आग लागो त्या कायद्याला.

त्याच दिवशी मी धम्मानंदला फोन केला. त्याला मी अट सांगितली नाही, नकाशाचं सांगितलं आणि विश्वनाथच्या फोनचं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मले वाटे, तो विचारून मेला हे फक्त मलेच माहीत आहे." मी म्हटलं, रविवारी वाडीले जाऊन राहिलो. तो म्हणाला, किती वाजता निघता?

काल, रविवारी, आम्ही गेलो. भावनावहिनी मशीनवर बसली होती. आधी मी सांगितलं, मग त्यानं. तिनं दोघांचं पूर्ण ऐकलं, मधे एकदाही रडली नाही. ती म्हणाली, "तीन वर्षं झाली, मी त्यायच्या सगळ्या शर्टांचे खिसे तपासले. बाटलीचं झाकण सापडते का म्हणून. चार वेळा तपासले." मग म्हणाली, "म्हणजे इचारलं होतं न त्यायनं. दोघायलेही इचारलं होतं."

तिनं मशीनच्या खणातून कागद काढला आणि धम्मानंदपुढे ठेवला. "लिहून दे." त्यानं लिहिलं, पूर्ण नाव घालून सही केली. खाली माझं मी लिहिलं. त्या कागदापायी त्याची नोकरी राहते की जाते, मला माहीत नाही. त्यालाही नाही. आम्ही निघालो तेव्हा तिनं बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबर होतं.

अट पूर्ण झाली आहे. घराचा अर्धा हिस्सा धम्मानंदला बिनशर्त द्यावा. मॅडम म्हणतात, मग कलम ५ काढून टाकू. काढू नये. तो राग खरा होता. तुळसाबाई म्हणते, पोराला माफ केलं असं तरी लिहा. ते मी लिहीत नाही. आम्हा दोघांना माफ करण्याचा अधिकार भावनावहिनीचा आहे, आणि तिने ते केलेले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे, फक्त बोलणी तशीच ठेवून बाकी 'मले'चे 'मला' केले आहे. साक्षीदारांसमोर राजीखुशीने सही करतो.

ठिकाण: डिगडोह, नागपूर
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: चंपतराव सुखदेव गजभिये (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. मुकुंद वासुदेव सोनकुसरे, शेजारी, निवृत्त पोस्टमन (सही)
२. गौरांग दिवाकर खानझोडे, किराणा दुकानदार, डिगडोह (सही)